लाईट गेल्यावर ड्रमरनं काय करायचं

लाईट केव्हा जाणार हे आमच्या घरात आधी कळायचं, पण त्यावर बोलायची बंदी होती. नाना, म्हणजे माझे वडील, जळगावच्या वेशीवरच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते आणि आम्ही त्याच आवारातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. कुंपणापलीकडे ट्रान्सफॉर्मर. त्याची घूं घूं रात्रंदिवस चालायची, इतकी की पाहुणे आले की दोन दिवस डोकं धरून बसायचे आणि आम्हाला मात्र ती थांबली की दचकायला व्हायचं. नानांना वरून फोन यायचा, अमुक फीडर, म्हणजे अमुक भागाची लाईन, अमुक वाजता बंद करा. ते वहीत लिहायचे आणि गप्प बसायचे. पिठाच्या गिरणीवाला, बर्फवाला, वेल्डिंगवाला, सगळे सायकल टेकवून कुंपणाशी उभे राहायचे, "नाना, आज केव्हा जाईन हो?" नाना म्हणायचे, "गेली म्हंजे समजीन." एकदा खुद्द मामा लग्नाच्या पंगतीसाठी विचारायला आले, त्यांनाही हेच उत्तर. मामा रुसून गेले, चार वर्षं आले नाहीत. मायनं भांडण काढलं तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "ज्याले आधी कयलं, तो आधी सोताचं पाहातो. मंग बाकीचे मरो." मात्र घरात त्यांच्याकडून एक गोष्ट सुटायची. सकाळी चहा पिताना ते मायला सांगायचे, "अकराच्या आत पानी भरून घेजो." एवढ्यावरून आम्ही काय ते ओळखायचो आणि बाहेर तोंड उघडायचो नाही.

गाव आमचं फैजपूरकडचं. केळीचा मळा काकांनी सांभाळायचा, नानांनी नोकरी करायची आणि हिवाळ्यात काकांनी पोतंभर भरताची वांगी पाठवायची, असा त्या दोघांचा न बोलता ठरलेला व्यवहार होता. वांगी आली की माय आवारात कापसाच्या काड्या पेटवायची. वांगी भाजली, सोलली, की ती लाकडी बडगीत घालून ठेचायची. हे ठेचायचं काम माझ्याकडे असे. मी पहिल्यांदा धुडुमधुडुम सुरू केलं तर माय म्हणाली, "जोर नको दाखवू रे बाप्पा, सारखं ठेच. भरीत बिघडीन." सारखं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं. एक ठोका दुसऱ्यासारखा, तिसरा दुसऱ्यासारखा, हात दुखायला लागला तरी आणि कंटाळा आला तरी. वर हिरवी मिरची, कांद्याची पात, आणि कळण्याची गरम भाकरी. आज आमच्याकडे भरीत मिक्सरमध्ये होतं. मी खातो. न खाऊन सांगणार कोणाला?

संजय माझ्या कॉलेजातला, बी.कॉम.च्या वर्गातला. मूळ बोदवडचा. वडिलांचं तिथं पाईप आणि मोटारपंपांचं दुकान होतं आणि या पोरानं दुकानात बसण्याऐवजी जळगावात खोली घेऊन गिटार धरली होती. त्याचा मुंबईचा मावसभाऊ कॅसेटा पाठवायचा. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा भरलेल्या, खरखर जास्त आणि गाणं कमी. पण ते पहिल्यांदा ऐकून मला जे झालं ते मला अजून सांगता येत नाही. आमच्याकडे राग आला तर तो गिळायची पद्धत. इथं कोणीतरी राग एवढा मोठा करून, नीट रचून, तालात बसवून समोर ठेवला होता. मेटल म्हणतात त्याला, हे संजयनं सांगितलं. तिसरा आमचा रफीक. त्याचे वडील एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये पहारेकरी होते. कापूस दाबायच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हाला जागा मिळाली. रफीक बेस गिटार वाजवायचा, गायचा संजयच. ड्रम मी जमवले होते. मोठा ड्रम मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा, बाजूचा लग्नाच्या बँडवाल्याकडचा, झांजा एका भजनी मंडळाच्या, आणि अ‍ॅम्प्लिफायर लाऊडस्पीकरवाल्याचे. आवाज असा निघायचा की शेडमधली कबुतरं पहिल्याच दिवशी बिऱ्हाड हलवून गेली.

आता माझा पुतण्या मोबाईलवर मला ड्रमर दाखवतो. दोन पाय शिलाई मशीनसारखे चाललेले, खाली आकडा, एका मिनिटात इतके ठोके. "काका, बघा स्पीड!" मी म्हणतो, बघितला. मला त्याची चीड येते आणि ती चीड फक्त त्या पोराची नाही, हे मलाही ठाऊक आहे. जोरात पळणं सोपं असतं. डोक्यावर भरला हंडा घेऊन सावकाश चालून दाखवा. मेटलचा खरा घाम संथ गाण्यात निघतो. दोन ठोक्यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते ती भरायचा मोह आवरावा लागतो. संजय रंगात आला की पळायचा. गिटारवाले सगळेच पळतात, ती जातच तशी. त्याला लगाम घालायचा, पण त्याला तो कळू द्यायचा नाही. रफीकचं बोट तारेवर पडेल त्याच क्षणी माझा पाय पडला पाहिजे, म्हणजे दोघांचा मिळून एक आवाज होतो आणि ऐकणाऱ्याच्या छातीत बसतो. गाणारा श्वास घेतो तिथं हात आवरायचा. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, मोजायचं. कोण कुठं आहे, किती झालं, किती उरलं, हे सगळ्यांच्या वतीनं एकट्यानं डोक्यात धरून बसायचं. हे सगळं मला यायचं. बढाई म्हणा हवं तर. माझ्याकडे पेडल एकच होतं, पण मला हे यायचं.

त्यातून आमची एक खास रीत निघाली, तिला आम्ही मुकं वाजवणं म्हणायचो. जिनिंगची लाईट केव्हाही जायची. लाईट गेली की गिटार मेल्या, उरला फक्त ड्रम. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी थांबलो नाही. हळू केला आवाज, पण चाल तीच धरली आणि मोजत राहिलो. माझं बघून संजय आणि रफीक नुसत्या तारांवर बोटं फिरवत राहिले. तारांची बारीक टुणटुण, बस. मी दर फेरीला आकडा ओठांनी सांगायचो. तीनेक मिनिटांनी लाईट आली आणि दोन्ही गिटार एकदम, बरोब्बर जागेवर, गाण्याच्या मधोमध अशा कडाडल्या की रफीक "या अल्ला!" म्हणून ओरडलाच. आम्ही तिघं नंतर वेड्यासारखे हसत होतो. पुढं गणपतीत एका मंडळासमोर हेच झालं. लोक उठायला लागले होते, ते माझा हळू ठोका ऐकून थबकले, आणि लाईट आल्यावर जो कल्ला झाला तो मी जन्मात विसरणार नाही. गावात नाव झालं. पोरं म्हणायची, लाईट गेली तरी यांचं गाणं जात नाही. माझं बावीस वर्षांचं आयुष्य तोवर नापास होण्यात आणि वांगी ठेचण्यात गेलेलं. मला पहिल्यांदा वाटलं, आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं.

मग मावसभावाची एक कॅसेट आली आणि तिच्यात ड्रमर दोन्ही पायांनी वाजवत होता. संजयनं ती मला पंधरा वेळा ऐकवली. सोळाव्या वेळी मी म्हणालो, "समजलं रे भो, बहिरा नाही मी." मी जुन्या शिलाई मशीनचा पायटा आणि सायकलची चेन लावून दुसरं पेडल बनवून पाहिलं. ते चार ठोके वाजायचं आणि पाचव्याला माझ्या नडगीवर बसायचं. त्याच पावसाळ्यानंतर धुळ्याहून तुषार आला. इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षात, अठराचा पोरगा, काटकुळा, मिशीच्या जागी नुसती सावली. त्याचे काका जहाजावर होते आणि त्यांनी त्याला परदेशी डबल पेडल आणून दिलं होतं, चामड्याच्या पेटीत. तो शेडमध्ये आला, पेटी उघडली, पेडल जोडलं आणि दोन मिनिटं वाजवलं. पत्रे थरथरले. संजयच्या तोंडाकडे मी बघत होतो. नवा जावई घरी आल्यावर सासूचं तोंड होतं तसं ते झालं होतं.

कॉलेजांची स्पर्धा जाहीर झाली होती. पहिला येणाऱ्याला पुण्याला मोठ्या महोत्सवात वाजवायला मिळणार होतं. संजयच्या वडिलांनी त्याला बजावलं होतं की यंदा काही झालं तर ठीक, नाही तर गिटार माळ्यावर आणि तू गल्ल्यावर. त्यामुळे संजयच्या गळ्याशी आलेलं होतं, हे मला त्या वेळीही कळत होतं. पण कळणं वेगळं आणि सोसणं वेगळं. त्यानं मला चहाच्या टपरीवर नेलं, माझा चहा त्यानं सांगितला, त्यावरूनच मी ओळखलं.

"मधू, रागवू नको. तू आपलाच आहे. पण पुण्याला डबल पेडलशिवाय कोणी उभं करणार नाही."

"मग?"

"स्पर्धेपुरता तुषारला बसवू. त्याचे पाय आहेत, पण डोकं कच्चं आहे. तू त्याला आपली गाणी शिकव. कुठं किती फेरे, सगळं. आणि त्या दिवशी त्याच्याजवळ बस. काही अडलं तर तू आहेसच."

गरज सरो वैद्य मरो, एवढं तरी लोक करतात. इथं वैद्यानंच पुढच्या वैद्याला औषध शिकवून मग मरायचं होतं. मी हो म्हणालो. का म्हणालो? नाही म्हणालो असतो तर त्या शेडमध्ये मला जागा उरली नसती, आणि शेडवाचून मला कुठं जायचं हे माहीत नव्हतं. रफीक मात्र त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर देईना. त्याला माझी बाजू घ्यायची होती, पण शेड त्याच्या बापाचं नव्हतं आणि अ‍ॅम्प्लिफायरचं भाडं संजय भरत होता.

तुषारला शिकवायला मी रोज संध्याकाळी जायचो. मला त्याचा राग धरायचा होता आणि तो कार्टा राग धरू देईना. आल्या आल्या पायाला हात लावायला वाकायचा. "मधूभाऊ" म्हणायचा. धुळ्याहून आईनं दिलेला शेवेचा डबा आधी माझ्यापुढं करायचा. त्याचे पाय वीज होते, पण कान बंद. संजय गातोय की खोकतोय, त्याला पत्ता नसे. मी सांगायचो, रफीकचं बोट बघ. तो बघायचा. मी सांगायचो, इथं काही वाजवू नको. तो वाजवायचा नाही. महिनाभरात तो जेवढं शिकला तेवढं शिकायला मला तीन वर्षं लागली होती, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. चांगलं झालं की मी "हं" म्हणायचो. वाईट झालं की सविस्तर बोलायचो.

शेवटचं गाणं आमचं स्वतःचं होतं. त्याच्या मध्यावर एक जड, संथ तुकडा होता, तो बत्तीस वेळा फिरायचा. फेरीगणिक एकेक थर चढत जायचा आणि तेहेतिसाव्याला सगळं फुटायचं. स्पर्धेच्या दोन दिवस आधी आम्ही तो बसवत होतो. संजय आणि रफीक बाहेर चहाला गेलेले. तुषारनं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि विचारलं, "भाऊ, मधमाच लाईट गई ते काय करानं?"

कोणीतरी त्याला आमच्या गणपतीतल्या कार्यक्रमाचं सांगितलं असावं. माझ्या ओठावर सगळं आलं होतं. थांबू नको, हळू कर, मोजत राहा, दर फेरीला आकडा ओठांनी सांग, ते दोघे तुझ्यावर विसंबून असतात. चार वाक्यं. मी म्हणालो, "तिथं जनरेटर असतो. त्याची काळजी करू नको."

"मंग बरं शे," तो म्हणाला आणि पुन्हा वाजवायला लागला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी आरशापुढं उभा होतो. आपल्याला वाजवायचं नाही, तरी नवा शर्ट घातला होता. उतावळा नवरा म्हणावं, तर लग्न दुसऱ्याचंच. चुलीपाशी नाना बशीतून चहा पीत होते. ते मायला म्हणाले, "आज सव्वाचारच्या आत पानी भरून घेजो." कॉलेज आमच्याच फीडरवर होतं. मी शर्टाची बटणं लावत राहिलो. माय म्हणाली, "काय रे, पोरा, तोंड असं काऊन उतरलं? शेवभाजी केली आहे, जेवून जाय." मी दोन घास खाल्ले आणि निघालो.

कॉलेजात मंडप घातला होता. नाव द्यायला संजयनं मलाच पाठवलं. वही घेऊन बसलेल्या प्राध्यापकांनी सांगितलं, "तीनची वेळ रिकामी आहे आणि चारची. कोणती लिहू?" मी चारची घेतली. पेन माझ्या हातात दिलं त्यांनी, मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मला त्या वेळी असं वाटत होतं की मी काही वाईट करत नाही, फक्त सत्य बाहेर येऊ देतोय. कोण खरा ड्रमर आणि कोण नुसते पाय, हे एकदा सगळ्यांना दिसू दे. माणूस स्वतःला किती सफाईनं फसवतो.

बरोबर चारला ते चढले. मंडप भरलेला, ऊन तिरपं, सगळं लख्ख दिसत होतं. माझी लोखंडी खुर्ची तुषारपासून दोन हातांवर, पडद्याच्या कडेला. पहिली दोन गाणी अशी झाली की मागच्या रांगेतली पोरं बाकांवर चढली. परीक्षक एकमेकांकडे बघून मान डोलवत होते. तुषार उत्तम वाजवत होता. मी शिकवलेलं एकूण एक त्याच्या हातात होतं. दुसरं गाणं संपल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं, घामेजलेलं तोंड, "बरं व्हयनं का?" अशी नजर. मी मान वळवली.

तिसऱ्या गाण्याचा तो संथ तुकडा सुरू झाला. एक, दोन, तीन. मोजायचं नाही ठरवलं तरी माझ्या अंगात आकडे पडत होते. अकराव्या फेरीला लाईट गेली. गिटारांचा आवाज कापल्यासारखा तुटला. संजय आणि रफीक जराही गडबडले नाहीत, खाली मान घालून मुक्या तारांवर बोटं चालवत राहिले, सवयीनं, ठोक्याची वाट बघत. आणि तुषार थांबला. एकाएकी त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला असणार, आणि त्याचे ते विजेसारखे पाय अडखळले. संजयनं मागं न बघता हात हलवला, चालू ठेव, चालू ठेव. तुषारनं पुन्हा सुरू केलं, पण चाल पळाली. पुन्हा थांबला. मंडपात शिट्ट्या सुरू झाल्या. जनरेटरवाला चहाला गेला होता, त्याला शोधायला दोन पोरं धावली. तुषार माझ्याकडे वळला. चेहरा पांढरा पडला होता.

"मधूभाऊ! कितला व्हयनात?"

किती झाले, एवढंच विचारत होता. चौदावी फेरी चालू होती. मला पक्कं ठाऊक होतं. मी नुसती दहा आणि चार बोटं दाखवली असती, गुडघ्यावर टाळी देऊन चाल धरून दिली असती, तरी तो सावरला असता. तेवढा तयार तो मीच केला होता. माझे हात पँटच्या खिशात होते. मी त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि हात तिथंच ठेवले. पंधरा. सोळा. सतरा. मी मनात मोजत होतो आणि तो माझ्याकडे बघत होता. मग काय झालं ते त्याला समजलं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. राग नव्हता तो. आपल्या घरातल्या माणसानं ओळख दाखवली नाही की पोर कसं बघतं, तसं बघितलं त्यानं, आणि मान खाली घालून आपल्या अंदाजानं वाजवायला लागला.

जनरेटर चालू होऊन लाईट आली तेव्हा माझ्या हिशेबानं एकोणतिसावी फेरी होती. संजयची गिटार चोविसाव्यावर असावी, रफीकची कुठं होती देव जाणे, आणि तुषार तिसरीकडेच. तिन्ही एकदम कडाडले. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. मंडपभर हशा उठला. कोणीतरी केळीचं साल फेकलं, ते संजयच्या खांद्यावर पडलं. तो तशीच गिटार घेऊन खाली उतरला.

पडद्यामागं संजय खाली बसला होता, दोन्ही हातांत डोकं. तो रडत होता. मी त्याला आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. रफीक भिंतीकडे तोंड करून उभा. मी तिथं पोचलो. आता तुषार सांगणार, मी विचारलं आणि यानं सांगितलं नाही. त्यानं सांगावं असंही मला वाटत होतं, म्हणजे एकदाचं सुटलं असतं. संजयनं मान वर करून त्याला विचारलं, "अरे थांबलास का तू? मधूनं शिकवलं नव्हतं तुला? लाईट गेल्यावर थांबायचं नसतं!"

तुषारनं माझ्याकडे एकदा बघितलं. "शिकाडेल व्हतं भाऊनी," तो म्हणाला. "मीच मोजामा चुकनू. बठ्ठी चूक मनी शे." भाऊनी शिकवलं होतं, सगळी चूक माझी, असं सांगत होता.

मी आयुष्यभर डोकं लावून ज्याचा अर्थ शोधत होतो, तो अठरा वर्षांचा पोरगा घामानं निथळत तिथं उभा राहून करून दाखवत होता. बाकीच्यांची चूक आपल्या अंगावर घेऊन त्यांना धरून ठेवायचं, याच्यावर ड्रमरचं दुसरं काम नाही. पाय त्याच्याकडे होतेच. उरलेलं सगळं माझ्याकडे आहे असं मी धरून चाललो होतो. माझ्याकडे फक्त आकडे होते.

संजय उठला, माझ्या गळ्यात पडला आणि म्हणाला, "माझंच चुकलं मधू. तू असतास तर हे झालं नसतं." तुषार मागं चामड्याच्या पेटीत पेडल भरत होता. मी संजयच्या पाठीवर थोपटत होतो.

त्यानंतर बँड उरला नाही. संजय महिन्याभरात बोदवडला दुकानात बसला, तो आजही बसतो. रफीक आखातात गेला. तुषार शेडकडे पुन्हा आला नाही. कॉलेज संपवून तो कुठं गेला हे मी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कोणीतरी पत्ता दिला असता. मी नानांच्याच खात्यात चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

मागच्या उन्हाळ्यात संजयच्या मुलीचं लग्न झालं. वरण-बट्टीची पंगत उठल्यावर त्यानं मला व्याह्यांपुढं उभं केलं. आता पोट सुटलंय त्याचं, केस गेलेत, पण बोलताना हात अजून गिटार धरल्यासारखे हलतात. "हा आमचा मधू," तो म्हणाला. "असा ड्रमर खानदेशात झाला नाही. लाईट गेली तरी याचा ठोका चुकायचा नाही." व्याह्यांनी हात जोडले. मीही जोडले. ते पुढं गेल्यावर मी संजयला म्हणालो, "तुषारला बोलावलं होतंस का?"

"कोण तुषार?"

"धुळ्याचा. डबल पेडलवाला."

"हां, तो!" संजय हसला. "ज्यानं आपल्याला बुडवलं, तो ना?"

पस्तीस वर्षांनी पुन्हा एक प्रश्न, आणि उत्तर मला तेव्हाइतकंच पक्कं ठाऊक होतं. आता ना स्पर्धा होती, ना पुणं, ना जागा जाण्याची भीती.

"हो," मी म्हणालो. "तोच."